सुखावलेली प्रवासी महिला

डहाणू रोड स्टेशनजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच दुकानात बसून मी जिल्ह्याच्या एका दैनिकाला डहाणू-तलासरीच्या बातम्या पाठवतो. काम अवघड नाही. उद्घाटन कशाचं झालं, सत्कार कोणाचा झाला, व्यासपीठावर कोण कोण होतं ते लिहायचं आणि शेवटी ‘परिसरातून समाधान व्यक्त होत आहे’ हे वाक्य टाकायचं. परिसर स्वतः दुकानात येऊन काही व्यक्त करून गेला, असं कधी झालं नव्हतं, म्हणूनच हे काम मला इतकी वर्षं जमलं.

मागच्या वर्षी गंजाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका फाट्याला प्रवासी निवारा बांधला. गुलाबी रंग, ग्रॅनाइटचा बाक आणि वर चार पुढाऱ्यांचे फोटो. एसटी थांबते ती तिथून बरीच पुढे, वळणापलीकडच्या चिंचेखाली. निवारा मात्र आला एका पुढाऱ्याच्या भावाच्या नव्या हॉटेलासमोर. प्रवाशांना चहाही मिळावा, एवढा दूरवरचा विचार आमच्याकडेच होतो.

उद्घाटन दहाला होतं, म्हणजे पाहुणे एकला आले. पाड्यावरची तारपा वाजवणारी मंडळी सकाळपासून उन्हात उभी होती, कारण निवाऱ्यात फीत कापल्याशिवाय कोणाला बसता येत नव्हतं. भाषणं झाली, फीत कापली गेली, गाड्या निघून गेल्या. मला फोटोत एखादा खरा प्रवासी हवा होता. तेवढ्यात चिंचणीची एक सुक्या मासळीवाली मावशी टोपली घेऊन आत येऊन टेकली. मी म्हटलं, “मावशी, टोपली जरा बाजूला कर. वास येतो.” ती खो खो हसली. म्हणाली, “फोटोत वास येतो काय रे?” तेवढ्यात मी फोटो काढला. दोन दिवसांनी तो छापून आला. खाली ओळ होती: ‘नव्या निवाऱ्यामुळे सुखावलेली प्रवासी महिला.’

त्याच आठवड्यात ती दुकानात आली. भर दुपारची वेळ होती, दाखल्यांच्या झेरॉक्ससाठी चारपाच माणसं उभी होती. तिने टोपली सरळ काउंटरवर ठेवली आणि घडी घातलेला पेपर काढला.

“हा तूच छापलास ना?”

“हो. छान आलाय.”

“सून वाचून दाखवत होती. सुखावलेली म्हणजे काय?”

“म्हणजे... आनंद झालेली.”

“कोणाला झाला?”

“तुला.”

“मला न कळता झाला?”

रांगेतली माणसं हसली. मी उगाच मशीनचं झाकण उघडून आत बघायला लागलो.

तिने मग सांगितलं. उद्घाटनासाठी रस्ता अडवला होता, म्हणून तिला फाट्यावर उतरवलं. पाड्यांवर फिरून ती परत आली, तर परतीची एसटी निवाऱ्यासमोरून तशीच निघून गेली. माझ्या फोटोत ती बसली होती ती गाडी चुकली म्हणून. “आता पाड्यावरच्या बाया मला ‘सुखावली, सुखावली’ म्हणून हाका मारतात. उद्या दुपारी ये तिकडे. कसं सुख आहे ते बघ.”

दुसऱ्या दिवशी गेलो. न जाऊन काय करणार? दुकानात रोज येईन, अशी धमकी तिने दिली होती आणि टोपलीत वासाचा सुका जवळा होता.

बाकावर आम्ही दोघं आणि गवताच्या भाऱ्यांसह तीन बायका. एसटी आली. मी ऐटीत हात दाखवला. ड्रायव्हरनेही हात दाखवला, पुढच्या चिंचेकडे. आम्ही धावलो. मावशीचा गुडघा दुखत होता, म्हणून टोपली मी घेतली. वळणावर माझा पाय घसरला आणि अर्धा जवळा डांबरावर पसरला. कंडक्टर दारातून बघत होता.

“अहो, तिथे निवारा बांधलाय!” मी धापा टाकत म्हणालो.

“असेल. आमच्या यादीत तो थांबा नाही.”

“पेपरमध्ये आलं होतं!”

“मग पेपरात बसून जा,” तो म्हणाला आणि घंटी दिली.

गाडी गेली. मावशी खाली बसून जवळ्यातले खडे वेचू लागली.  तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मीही तिच्याशेजारी बसलो आणि खडे वेचू लागलो. इतक्या वर्षांत एखाद्या बातमीसाठी मी पहिल्यांदाच जमिनीवर बसलो होतो.

त्या दिवशी मी खरी बातमी पाठवली. कोणाच्या हॉटेलासमोर, का, सगळं लिहिलं. डेस्कवरच्या साहेबांनी ती वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली चार ओळींत छापली. हॉटेल गायब झालं होतं. शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने भर घातली होती: ‘निवाऱ्याच्या उभारणीबद्दल मात्र परिसरातून समाधान व्यक्त होत आहे.’ हे शिकवलं कोणी, ते मला माहीत होतं.

तरी बातमीची दखल घेतली गेली. महिन्याभरात निवाऱ्यावर, पुढाऱ्यांच्या फोटोंच्या बरोबर खाली, सुबक अक्षरांत फलक लागला: ‘येथे एसटी थांबत नाही.’ तक्रारीचं इतकं संपूर्ण निवारण मी आमच्या तालुक्यात दुसरं पाहिलेलं नाही. फलकाचा फोटो काढायला मी गेलो, तेव्हा मावशी तिथेच होती. तिने मला फलक वाचायला लावला, दोनदा. मग दुरून एसटी दिसली, तशी टोपली डोक्यावर घेऊन ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

ब्रेक करकचून लागले. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “म्हातारे, मरायचंय का? बोर्ड दिसत नाही?”

“दिसतो रे, वाचता येत नाही,” ती म्हणाली आणि शांतपणे दाराशी गेली. “काय लिहिलंय?”

ड्रायव्हर काही सांगेपर्यंत तिच्यामागून गवताच्या भाऱ्यांसह बायका चढल्यासुद्धा. तोच कंडक्टर होता. त्याने एकवार फलकाकडे पाहिलं, एकवार तिच्याकडे आणि टोपली वर ओढून घेतली. पुढच्या खेपेलाही ती तशीच उभी राहिली. तिसऱ्या वेळी गाडी आपणहून हळू झाली.

आता एसटी तिथे रोज थांबते. कोणाचा आदेश नाही, यादीत नोंद नाही. मी मोठ्या उत्साहात मावशीला म्हटलं, “याची झकास बातमी करतो. तुझ्या फोटोसकट.”

तिने माझा हात धरला. “गप बस, भाऊ. छापलंस तर एसटीचे साहेब वाचतील आणि गाडी बंद होईल.”

परवा डेस्कवरून फोन आला. फाट्याच्या निवाऱ्याचं पुढे काय झालं, दोन ओळी द्या म्हणाले. मी म्हटलं, तिकडे विशेष काही नाही.