समोर साखर असूनही

आज दुपारी शिळफाट्याहून बाजार घेऊन घरी आले, तर बाबा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेले. अंग घामाने भिजलेलं, हात थरथरत होते. सकाळी डायबेटिसची गोळी घेऊन न जेवताच शेतावर गेले होते. मशीनवर साखर पंचावन्न, म्हणजे फारच कमी.

मी घाईघाईने साखरेचं पाणी पाजलं. थोड्या वेळाने ते नीट बोलायला लागले.

“बाबा, डबा समोरच होता. खाल्ली का नाय साखर?”

“तू वरडशील म्हनून गं.”

गेल्या महिन्यात त्यांनी चोरून पेढा खाल्ला, तेव्हा पाहुण्यांसमोर मी त्यांना नको ते बोलले होते. साखर एकदम उतरली तर काय करायचं, हे मात्र कधीच सांगितलं नव्हतं.

तुमच्या घरातलं म्हातारं माणूस तुम्हाला घाबरत नाही ना? एकदा जवळ बसून विचारा.