हिरव्या चहाचा तपकिरी रंग

प्रयोगशाळेत त्यांना सगळे घड्याळकाका म्हणत. एकतीस वर्षांच्या नोकरीत ते एकदाही उशिरा आले नव्हते. गेली तीन वर्षं त्यांच्याकडे एकच काम होतं. हिरव्या चहातून काढलेली भुकटी विषाणूला रोखते का, ते पाहायचं. बशीत पेशींचा पातळ थर वाढवायचा, त्यावर विषाणू सोडायचा, भुकटीचं द्रावण घालायचं आणि दोन दिवसांनी विषाणूने थराला पाडलेली भोकं मोजायची. काकांच्या बशीत ती शंभराच्या घरात असत. चहा घाला, नाहीतर नका घालू.

मग त्याच कामावर नवी म्हणून ती आली. दोन मुलांना शाळेत सोडून साडेदहाला धापा टाकत उगवणारी, टेबलभर पसारा मांडणारी. पहिल्याच महिन्यात तिच्या बशीत भोकं निघाली नऊ!

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. "हिला बशी कुठली न् झाकण कुठलं कळत नाही, आणि म्हणे नऊ," ते घरी बायकोला म्हणाले.

"बरंच झालं की. मीही तोच चहा सुरू करते, सर्दी तरी जाईल."

"बशीतल्या पेशी वेगळ्या, माणूस वेगळा. चार कप पिऊन काही होतं असं आम्ही म्हटलेलं नाही."

"मग नऊ आली तर तुमचं का पोट दुखतंय?"

काकांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

निकाल विभागप्रमुख मॅडमनाही पटला नव्हता. त्यांनी काकांना आत बोलावलं. "तुमचे आकडे तीन वर्षं सारखे येतायत. हिचंच काहीतरी चुकतंय. चार दिवस तिच्याशेजारी बसा. तुम्ही चूक आहे म्हणालात की तिचा प्रयोग बंद, आणि तिला दुसऱ्या विभागात पाठवते."

काकांच्या मनात लाडू फुटले. स्टूल घेऊन ते तिच्या मानगुटीवर बसले. पण दुपारी तीन वाजले तरी बाईंचं द्रावणच तयार नाही.

"आत्ता भिजवतेस? मी नऊलाच करून ठेवतो."

"सकाळी मला श्वास घ्यायला तरी वेळ असतो का, काका? बशी तयार झाली की ढवळते आणि लगेच घालते."

तिच्या नळीतलं द्रावण जवळजवळ पाण्यासारखं होतं. काकांनी मान वळवली. पलीकडच्या टेबलावर त्यांची नऊ वाजताची नळी उबेत उभी होती. तपकिरी. तीन वर्षं ते वहीत 'रंग तपकिरी' असं लिहीत आले होते. चहाच तो, तपकिरी होणारच, असं धरून. कापलेलं सफरचंद काळं पडतं तसा चहातला हा नाजूक पदार्थ उबेत काही तासांत बिघडतो, हे त्यांना त्या क्षणी उमगलं. म्हणजे ते रोज विषाणूवर शिळं पाणी ओतत होते. शिस्तीत.

हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प बसलं की ती जाणार, काम पुन्हा आपल्या एकट्याचं. तीन दिवस काका गप्प राहिले. ती हसली तरी त्यांना ते टोचे.

चौथ्या दिवशी मॅडमनी दोघांना बोलावलं. "सापडली चूक?"

काकांनी तोंडात 'हो' तयार ठेवला होता. तो बाहेरही पडला. पण मागोमाग "माझी" हा शब्द आला, आणि मग सगळंच.

मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. "म्हणजे तीन वर्षं पाण्यात?"

"पाण्यात कशी, मॅडम?" ती मध्येच म्हणाली. "द्रावण कधी केलं, कधी घातलं, काकांनी मिनिटासकट लिहिलंय. किती तास ठेवलं की ते निकामी ठरतं, हे या वह्यांवरून कळेल. माझ्या वहीत तर धड तारखाही नाहीत."

मॅडम खुश झाल्या. काका मात्र आतून पेटले. आकड्यांत पुढे गेली, ते एक वेळ गिळलं असतं. पण मोठेपणातही पुढे जायचं हिला काय नडलं होतं?

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "उद्या दोघं मिळून करू, काका. मी भिजवते, तुम्ही भोकं मोजा."

"भिजवणार मी," काका ताडकन म्हणाले. "मोज तू."