पडद्यांच्या वेबसाइटवरचं मराठी पान

शुक्रवारी दुपारी अल ऐनहून प्रशांतचा फोन आला. दुबई मरीनातल्या प्रोजेक्टवर आम्ही दोघं ड्राफ्ट्समन होतो. मंदीत ते काम बंद पडलं, आणि आता त्याची नवी नोकरीही गेली. म्हणाला, "तू वेब डिझाइन शिकलास ना? लिंक्स पाठव रे, मीही बसतो शिकायला."

लिंक्स त्याला पाठवल्या. पण सध्या बऱ्याच जणांना लागतील, म्हणून इथे ब्लॉगवरही लिहितो...

सगळं फुकटातलं सांगतो. आवडलेली कुठलीही साइट उघडा, राइट क्लिक करा आणि व्ह्यू सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, बघा... माझे पहिले मास्तर तेच. डावीकडे कोड लिहिला की उजवीकडे लगेच रिझल्ट दाखवणाऱ्या साइट्स आहेत, त्यावर रोज बसा. एक रंग निवडला की त्याला शोभणारे चार रंग सुचवणारीही एक साइट आहे. जन्मभर काळ्या रेघा मारलेल्या माझ्यासारख्याची तिने लाज राखली.

फोटो कापायला फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. बटणाला गोल कोपरे हवे असतील तर चार कोपऱ्यांची चार चित्रं कापावी लागतात... माझे दोन दिवस त्यातच गेले. सगळं झालं की जुन्या ब्राउझरमध्येही उघडून बघा, तिथे हमखास अर्धं पान कोसळलेलं असतं.

आणि डमी टेक्स्ट. खरा मजकूर येईपर्यंत जागा भरायला निरर्थक लॅटिन वाक्यं तयार करून देणाऱ्या साइट्स असतात. त्याच वापरा. मी शेवटपर्यंत वापरल्या नाहीत...

माझा व्हिसा कॅन्सल झाला तेव्हा हातात तीस दिवस होते. तेवढ्यात नवा व्हिसा, नाहीतर गाशा गुंडाळायचा. बाराव्या दिवशी इंटरनॅशनल सिटीतले पडद्यांचे दुकानदार खानसाहेब म्हणाले, "वेबसाइट बनाओ. पसंद आई तो वीज़ा मैं दूँगा." बुडत्याला काडीचा आधार... मी हो म्हणून बसलो. तेव्हा मला धड एक पान जोडता येत नव्हतं.

'आमच्याविषयी' या पानाचा मजकूर ते देतच नव्हते. रोज "इन्शाल्ला, कल". त्या लॅटिन वाक्यांचा मला वीट आला होता. रोमनमध्ये टाइप केलं की देवनागरी उमटवणारी एक साइट आहे, तिच्यावर मनात आलं ते लिहिलं आणि त्या पानात भरलं. म्हटलं, कोण वाचणार आहे?

लिहिलं होतं... आज एकोणिसावा दिवस. चाळिशीला आलेला माणूस गोल कोपरे करत बसलाय. मुलगी रोज विचारते, बाबा, आर वी गोइंग ऑर नॉट? माझी बायको मेघना सोफा कोणाला द्यायचा ते ठरवतेय. मला यातलं काहीही येत नाही, आणि हे दुकानदाराला कळलं की खलास.

साइट अपलोड करताना हे पान बदलायचं राहून गेलं.

तेविसाव्या दिवशी दुकानात दाखवायला गेलो. खानसाहेब एकेक पान उघडत नेमके तिथे आले... मी पान बंद करायला माउसकडे हात नेला. ते मात्र खूश झाले. "वाह, हिंदी में भी डाला है." त्यांना उर्दू वाचता येते, देवनागरी नाही. मी काही बोलायच्या आत त्यांनी शिडी घेऊन निघालेल्या फिटरला हाक मारली. "सुर्वे, ज़रा पढ़ के सुनाओ."

सुर्वे रत्नागिरीकडचे, पन्नाशीतले. चौदा वर्षं इथे लोकांच्या घरांत पडदे लावतायत. त्यांनी शिडी भिंतीला टेकवली, स्क्रीनजवळ आले आणि मनातल्या मनात वाचायला लागले. मध्येच माझ्याकडे एकदा बघितलं... मी मान खाली घातली.

मग त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि ओळीओळीवरून फिरवत सावकाश सांगितलं. "लिखा है, हमारे परदे से धूप अंदर नहीं आती. नाप लेने आदमी ख़ुद घर आता है. परदा सीधा नहीं गिरता, तब तक आदमी घर से नहीं निकलता."

खानसाहेब "माशाल्ला" म्हणाले. माझा व्हिसा तिथेच नक्की झाला.

बाहेर व्हॅनपाशी सुर्व्यांना गाठलं. तेच म्हणाले, "साहेब, आधी ते पान बदला. दुकानात मराठी गिऱ्हाईकं पण येतात." मग शिडी वर बांधता बांधता म्हणाले, "नव्या बिल्डिंगी बंद पडल्या, पडदे लावायचे कुठं? माझा व्हिसा रद्द झाला, त्या जागेवर तुम्हाला घेतायत. गुरुवारचं परतीचं तिकीट आहे माझं."

मी विचारलं, तुम्हाला आत असताना हे माहीत होतं?

"होतं की. पण खरं वाचलं असतं, तर माझं तिकीट थोडंच रद्द होणार होतं?"

घरी आलो, व्हिसा मिळाल्याचं सांगितलं. मेघना आनंदाने रडली... सुर्व्यांचं मी तिला सांगितलं नाही. तिलाही आज हे इथेच वाचून कळेल.

ते पान बदललं. सुर्वे जे बोलले तेच इंग्रजी करून तिथे टाकलं, दुसरं काही सुचलंच नाही. त्यांचे आभार मानायचे राहिले. खरं तर धाडस झालं नाही, मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. गुरुवारी ते गेले.

आता साइट बघून दुकानात फोन येतात, ते मीच घेतो. माप घ्यायला माणूस कधी येईल, विचारतात. मी सांगतो, आठ दिवस लागतील, सध्या आमच्याकडे एक माणूस कमी आहे... का कमी आहे, ते कोणी विचारत नाही.