गाडीतळ ते स्वारगेट: शंभर उघडी पानं

मी टायपिंग शिकवते. शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर माझा क्लास आहे. पूर्वी तिथे टाइपरायटर खडखडायचे, आता कॉम्प्युटर आहेत. मोबाईल मी शिकवत नाही. हे इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगून झालं आहे, की हल्ली सांगतच नाही. फोन हातात घेते आणि काम उरकून टाकते. त्याला कमी वेळ लागतो.

राहायला मी हडपसरला. सकाळी गाडीतळावरून बस, स्वारगेटला उतरायचं, तिथून दुसरी. एकदा शेजारी बसलेले आजोबा फोन जवळजवळ नाकाला टेकवून वाचत होते. दोन स्टॉप मी सहन केलं. मग म्हटलं, "द्या इकडे." सेटिंगमध्ये जाऊन अक्षर दोन पायऱ्या मोठं केलं आणि परत दिला. आजोबांनी फोन हातभर लांब धरला, वाचला आणि म्हणाले, "म्हणजे डोळे शाबूत आहेत तर. उगाच चष्मा बदलला."

"आभार मानायची पद्धत असते," मागून एक बाई म्हणाल्या.

"चष्म्याचा खर्च झाल्यावर कसले आभार?" आजोबा म्हणाले.

हे सगळं कंडक्टरबाई पाहत होत्या. माझ्याच वयाच्या, मांजरी गावाकडच्या. त्या मार्गावर त्यांना मी दोनेक वर्षं पाहत होते, पण आमचं बोलणं पास दाखवण्यापलीकडे गेलं नव्हतं. त्या दिवशी त्या माझ्या सीटला टेकून उभ्या राहिल्या.

"म्याडम, तुमी मोबाईलवाल्या हाय का?"

"नाही. टायपिंगवाली आहे."

"तेच की. माझा फोन लई हळू झालाय. बघाल का?"

दुसऱ्या दिवशी गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधी मी गाडीतळावर पोचले. बाईंनी आधी कारण सांगितलं, मग फोन दिला. ही पद्धत मला आवडली. बहुतेक लोक आधी फोन हातात कोंबतात.

कारण असं होतं. खात्याची परीक्षा निघाली होती. पास झालं तर वाहतूक नियंत्रक, म्हणजे केबिनमध्ये बसून वेळापत्रकाप्रमाणे गाड्या सोडायचं काम. बसून, हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. वीस वर्षं धावत्या गाडीत उभं राहून गुडघे गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उभं राहणं बंद करा. ते सांगायला त्यांना खुर्चीतून उठावं लागलं नव्हतं. आणि वयाच्या अटीत बाई या वेळी शेवटच्याच बसत होत्या. पुढची परीक्षा निघेपर्यंत त्या अटीबाहेर गेल्या असत्या.

"घरी पुस्तक उघडलं की कुणीतरी पाणी मागतं," त्या म्हणाल्या. "म्हणून गाडी उभी असती तेवढ्यात वाचते. इकडं दहा मिनिटं, तिकडं दहा मिनिटं. सगळं फोनवरच."

म्हणून फोन हळू चालून उपयोग नव्हता.

त्यानंतर रोज सकाळी एक गोष्ट, असा आमचा परिपाठ सुरू झाला. पहिल्या दिवशी पानात शब्द शोधणं. नियमांची एक लांबलचक फाईल होती आणि बाई हवा तो नियम येईपर्यंत अंगठ्याने ती खाली ओढत बसायच्या. मी तीन ठिपक्यांमधलं 'पानात शोधा' दाखवलं, 'अपघात' लिहिलं आणि अपघात आला तिथे पान जाऊन थांबलं. बाई फोनकडे बघत राहिल्या. "आणि मी रोज हडपसर ते स्वारगेट अंगठ्यानं चालत होते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पान उतरवून ठेवणं, म्हणजे नेट गेलं तरी ते उघडतं. तिसऱ्या दिवशी जाहिराती गाळून नुसता मजकूर दाखवणारी सोय. चौथ्या दिवशी कळलं, की महत्त्वाचं काही लक्षात ठेवायचं तर बाई ते एका ग्रुपवर पाठवतात. ग्रुपचं नाव 'अभ्यास'. त्यात त्या एकट्या. एकटीचा ग्रुप होत नाही, म्हणून आधी नवऱ्याला घेतलं आणि लगेच काढून टाकलं.

"ते काही बोलले नाहीत?"

"दोन दिवस बोलले नाहीत."

मी सांगितलं, की हल्ली स्वतःच्याच नंबरवर मेसेज पाठवता येतो. ग्रुप लागत नाही.

"आधी भेटला असता तर..." म्हणून बाई थांबल्या. "न्हाय, बरं झालं. ते दोन दिवस लई निवांत गेले."

पाचव्या दिवशी मी मूळ दुखण्याला हात घातला. ब्राउझरमध्ये वर एक छोटा चौकोन असतो, किती पानं उघडी आहेत त्याचा आकडा त्यात दिसतो. बाईंच्या चौकोनात आकडा नव्हता. तिथे हसरा चेहरा होता. शंभरी गाठली की त्यांच्या ब्राउझरमध्ये आकड्याऐवजी तो चेहरा येई.

"अहो, हे काय?"

"ते ना?" बाई जरा लाजल्या. "महिन्याभरामागं हसायला लागलं. मला वाटलं, अभ्यास बरा चाललाय म्हणून."

फोन शाबासकी देतो आहे असं समजून त्यांनी आणखी पानं उघडली होती. मी म्हटलं, "हे हसू नाही, हा पसारा आहे. यानेच फोन हळू झालाय." तीन ठिपके, 'सगळे बंद करा', झालं. त्यानंतर खाली एक पट्टी येते, चार-पाच सेकंद राहते आणि विचारते, पूर्ववत करायचं का? क्लासमधल्या मुलींना ती पट्टी मी ओरडून दाखवते. त्या दिवशी ड्रायव्हरने हॉर्न दिला, म्हणून मी फोन बंद करून बाईंच्या हातात ठेवला आणि गाडीत चढले. मनात म्हटलं, चला, एक काम झालं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझा पास पाहिला आणि त्या पुढे गेल्या. परत येताना थांबल्या.

"फोन पळतोय आता," त्या म्हणाल्या. "पण माझा रस्ता गेला."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी उभ्याउभ्या समजावून सांगितलं, आणि मधूनमधून तिकिटंही दिली. ती पानं त्यांनी ओळीने उघडली होती. गाडीतळाची पाच-सहा, मग मगरपट्ट्याची, वैदुवाडीची, रामटेकडीची, असं करत स्वारगेटपर्यंत. प्रत्येक स्टॉपला एक विषय. मगरपट्ट्याला वेळापत्रक, फातिमानगरला अपघातात काय करायचं, पुलगेटला हरवलेल्या वस्तूंचे नियम. ड्युटीवर फोन काढायचा नाही. पण स्टॉप आला, घंटी दिली, की त्या स्टॉपची पानं डोक्यात आणायची. मग शेवटच्या स्टॉपला गाडी थांबली की फोन उघडून ताळा पाहायचा. वीस वर्षं जो रस्ता पाठ होता, त्याच्यावर त्यांनी सगळा अभ्यास टांगून ठेवला होता.

आणि मी म्हटलं होतं, पसारा.

परीक्षा अठरा दिवसांवर होती. मी विचारलं, "सुट्टी कधी?"

"गुरुवारी."

"दुपारी क्लासवर या. फोन चार्ज करून आणा. आणि तोपर्यंत ब्राउझरमधलं काही म्हणजे काही पुसू नका."

"मी कशाला पुसू?" बाई म्हणाल्या. हे मला ऐकून घ्यावं लागलं.

गुरुवारी त्या साडी नेसून आल्या. खाकीशिवाय मी त्यांना ओळखलं नसतं. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत त्या दोन मजले चढल्या. वर आल्यावर मी पाणी दिलं आणि मनात नोंद केली, की मी खाली जायला हवं होतं.

बंद केलेलं पान नाहीसं होत नाही. ब्राउझरच्या इतिहासात त्याची नोंद राहते, आपण ती पुसली नाही तर. पण तिथे सगळं तारखेप्रमाणे असतं आणि बाईंचा फोन घरात सगळेच वापरायचे. दोन नियमांच्या मध्ये मुलीने पाहिलेले झुमके होते, नवऱ्याने पाहिलेले ट्रॅक्टर होते. शिवाय एका दुपारी कुणीतरी 'बायको सारखी अभ्यास करते उपाय' असंही शोधलं होतं. बाईंनी ते वाचलं.

"हे पुसता येतं का?" त्यांनी विचारलं.

"येतं."

"मग राहू द्या. दाखवायचंय."

नुसतं खाली ओढत बसलो असतो तर रात्र झाली असती. इतिहासातही शोधायची सोय आहे. मी म्हटलं, "तुम्ही रस्ता सांगा, त्यातला एखादा शब्द मी टाकते." बाईंनी डोळे मिटले.

"गाडीतळ. पयलं पान, कंडक्टरची कर्तव्यं." आणि मी शब्द टाकते आहे तोवर त्या कर्तव्यं म्हणायला लागल्या. एक, दोन, तीन, अशी सात. मी पान उघडलं. सात होती.

"पुढचं?"

पुढचंही तसंच. वैदुवाडीपर्यंत पोचलो तेव्हा मी टायपिंग थांबवून नुसतं ऐकत होते. काही पानं काही केल्या सापडली नाहीत. त्यातलं काय आठवतं ते बाईंनी सांगितलं, मी ते बोलून लिहायच्या माइकवर त्यांच्याकडूनच वदवून घेतलं आणि त्यांच्याच नंबरवर पाठवलं. त्यांचा आवाज गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचणारा. शेजारच्या खोलीत बसलेल्या मुली टायपिंग सोडून दारात आल्या.

"बाई," मी म्हटलं, "तुम्हाला हे पाठ आहे."

त्यांनी डोळे उघडले. "फोन समोर असला की असं वाटतंय, सगळं त्याच्यातच हाय."

तरीही आम्ही काम पुरं केलं. प्रत्येक स्टॉपच्या नावाचं फोल्डर केलं, पानं त्यात बुकमार्क करून ठेवली. उघडी ठेवायची गरज नाही, फोन जड होत नाही, चुकून कुणा शहाण्याने 'सगळे बंद करा' दाबलं तरी धक्का लागत नाही. फोल्डरांची ती यादी फोनच्या होम स्क्रीनवर आणली, एका टिचकीवर. वैदुवाडीत नऊ पानं होती आणि गोळीबार मैदानात दोनच. मला ते डोळ्यांना बरं दिसेना. मी वैदुवाडीतलं एक उचलून गोळीबार मैदानात टाकलं आणि म्हटलं, "इथे जागा आहे."

"बरं," बाई म्हणाल्या.

पुढच्या दिवसांत सकाळी मी काही नवं शिकवलं नाही. स्टॉप आला की बाई घंटी द्यायच्या आणि त्यांचे ओठ हलायचे. एकदा पुलगेटला एकाने विचारलं, "काय हो, जप करताय का?" बाई म्हणाल्या, "तुमची छत्री गाडीत राहिली तर तिचं काय करायचं ते म्हणतेय. उतरा."

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या गाडीला दहा मिनिटं लवकर गेले. बाई पायरीशी उभ्या होत्या.

"कसा गेला पेपर?"

"सगळे स्टॉप लागले. एकच गेला."

"कुठला?"

"गोळीबार मैदान." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "प्रश्न वाचला, वैदुवाडीला गेले, तर पान तिथं न्हाय. तुमी हलवलेलं. मग पुढं शोधत गेले, तोवर घंटा झाली."

मी म्हटलं, चुकलं. तेव्हापासून मी कुणाचा फोन हातात घेतला की आधी विचारते, हे असं का ठेवलंय? दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही. मग मी पुसते.

निकाल लागला. बाई पास झाल्या. हे मला त्यांनी सांगितलं नाही. एका सोमवारी गाडीत नवीन कंडक्टर होता, आणि स्वारगेटला उतरल्यावर नियंत्रकाच्या केबिनमध्ये खुर्चीवर त्या दिसल्या. पाय एका स्टुलावर, समोर वेळापत्रक, शेजारी फोन. मी काचेवर टकटक केलं. त्यांनी हात केला, फोन उचलून काचेला लावला. चौकोनात आकडा होता: दोन.

मी खूण करून विचारलं, बरं चाललंय? त्यांनी मान डोलावली आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. मला वाटलं, वेळ नाही म्हणत असतील. त्यांनी शिट्टी फुंकली आणि माझी शनिवार पेठेची गाडी, माझ्यापासून पाच पावलांवर, वेळेवर सुटली.

मी पुढची पकडली. त्यांच्या जागी मी असते तर मीही थांबवली नसती.