निशाण उशिरा पडलं

"हे तुम्हीच ना?" विमा कंपनीच्या वकिलांनी लॅपटॉप पिंजऱ्याकडे फिरवला.

"मीच की. दुसरं कोन असनार?" आप्पा म्हणाले.

स्क्रीनवर आप्पा भगवा फेटा बांधून बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या धावपट्टीवर, उभे होते. हातात लाल निशाण, चेहऱ्यावर पाहुण्यांचा सत्कार उरकल्याचं समाधान. गळ्यात पट्टा नव्हता. डॉक्टरांनी अंघोळीशिवाय काढू नका म्हणून बजावलेला तो पट्टा.

"पट्टा कुठे आहे?"

"घरी. खुंटीला."

"म्हणजे त्या दिवशी मान दुखत नव्हती?"

"दुखतीय की. पर दुखतंय म्हनून काय घाट सोडायचा?"

"आणि निशाण टाकताना गाडे तुम्हाला नीट दिसत होते?"

मी मनातल्या मनात हात जोडले. आप्पांनी छाती पुढे काढली.

"न दिसायला काय झालं? एक ना एक निशाण बराबर पडलंय."

न्यायाधीशांनी ते शब्द टायपिस्टला जसेच्या तसे सांगितले. कंपनीचे वकील माझ्याकडे बघून गोड हसले आणि लॅपटॉप मिटून खाली बसले. मी आप्पांची वकील. माझ्याच माणसानं माझ्याच केसवर भर कोर्टात वरवंटा फिरवला होता.

आता आप्पांची हकीकत सांगते. रंगनाथ आप्पा तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या एका गावचे. स्वतःची पिकअप गाडी. पहाटे भाजी भरायची, पुण्याच्या मार्केटला पोचवायची, हा धंदा. त्यांची लेक भांडगावला दिलेली. तिला भेटून परत येताना कासुर्डीच्या अलीकडे रस्त्यात शेळ्या आडव्या आल्या म्हणून आप्पांनी ब्रेक मारला. शेळ्या वाचल्या. मागच्या कारवाल्यानं मात्र ब्रेक मारला नाही. त्यानं पिकअपला मागून जो दणका दिला त्यात गाडीला एवढासा पोचा आला आणि आप्पांच्या मानेचं वाटोळं झालं.

या दुखण्याला इंग्रजीत व्हिपलॅश म्हणतात. व्हिप म्हणजे आसूड. आसूड ओढला की मूठ आधी पुढे जाते, टोक मागे राहतं आणि मग सटकन झटका खातं. मागून धडक बसली की सीटबरोबर अंग पुढे जातं, डोकं मागे राहतं आणि मग मानेला तसाच झटका बसतो. हाड मोडत नाही. आतले स्नायू आणि हाडं बांधून ठेवणारे अस्थिबंध दुखावतात. बऱ्याच लोकांचं महिन्या-दोन महिन्यांत बरं होतं, काहींचं होतच नाही. आणि गंमत अशी की एक्स-रे अगदी स्वच्छ येतो. विमा कंपन्यांना हे दुखणं त्यामुळे फार आवडतं. जे फोटोत दिसत नाही ते नाही म्हणायला सोपं.

आप्पांना आधी दौंडच्या एका दवाखान्यात नेलं. नंतर शिरूरला उपचार झाले, मालिश झाली, शेक झाला. मान काही वळेना. आणि मान वळत नसलेला ड्रायव्हर भाजीच्या मार्केटमध्ये गाडी रिव्हर्स घेऊ शकत नाही. दोनदा त्यांनी दुसऱ्यांच्या टोमॅटोच्या क्रेट चेपल्या. त्यानंतर गाडी दारात उभी राहिली. भरपाई मिळाली तर पगारी ड्रायव्हर ठेवून धंदा चालणार होता, नाहीतर गाडी विकायची आणि आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाताखाली जायचं. माणूस ताठ. ते त्यांना जमलं नसतं.

ज्याची चूक, त्याच्या गाडीच्या विमा कंपनीनं पैसे द्यायचे, असा कायदा आहे. कंपनीचं म्हणणं एकच. पोचा एवढासा, दुखणं एवढं मोठं कसं? सोंग आहे. आणि मग त्यांच्या हाती हा व्हिडिओ लागला. हल्ली आमच्याकडच्या शर्यती यूट्यूबवर लाइव्ह असतात. त्यामुळे चोरून काही करायची सोय उरलेली नाही.

कोर्टातून बाहेर आल्यावर मी आप्पांना झाडाखाली गाठलं.

"आप्पा, पट्टा कशाला काढला?"

"ताई, डोक्याला फेटा आन् गळ्यात पट्टा? लोक म्हनले असते, म्हाताऱ्याला बांधून ठिवलंय."

"बरं. आणि निशाण? खरं सांगा, उशिरा पडलं ना?"

आप्पांचा चेहरा लाल झाला.

इथं शर्यतीतलं थोडं सांगावं लागेल. आमच्या घाटात गाडे एकापाठोपाठ एक पळतात. एका गाड्याच्या पळण्याला बारी म्हणतात. शेवटच्या रेषेवर निशाण घेऊन एक पंच उभा असतो. बैलांनी रेषा ओलांडली की त्यानं निशाण खाली टाकायचं, ते बघून घड्याळवाल्यांनी घड्याळ थांबवायचं. काही ठिकाणी आता सेन्सर आलेत. आप्पांच्या गावात सेन्सरची गरज नव्हती, कारण आप्पा होते. त्यांच्याआधी त्यांचे वडील होते. आप्पांचं निशाण म्हणजे तिथं सुप्रीम कोर्ट.

आणि या वर्षी त्या सुप्रीम कोर्टानं यात्रेत धुमाकूळ घातला होता. निशाणं उशिरा पडली, घड्याळं उशिरा थांबली, गाडामालकांची भांडणं झाली. हे मला शिरूरच्या स्टँडवर जीपची वाट बघताना तीन वेगवेगळ्या माणसांनी न विचारता सांगितलं होतं. व्हिडिओत मात्र ते नव्हतं. बैल सुटले की कॅमेरा बैलांच्या मागे जातो, पंचाकडे कोण बघतो?

"आप्पा, अहो मान वळली नाही म्हणून निशाण चुकलं, एवढं कोर्टात म्हणाला असतात तर केस तिथंच जिंकलो असतो. तुम्हाला परत पिंजऱ्यात बोलवायची परवानगी मागते, म्हणाल का?"

"न्हाई."

"गाडी जाईल."

"जाऊ द्या. बापाचं निशाण हाय ते. चुकलं असं माझ्या तोंडानं निघायचं न्हाई. निशाण बराबर पडलं."

मला राग आला आणि हसूही आलं. इतकी वर्षं अशिलांना खोटं बोलू नका म्हणून सांगत आले. खरं बोला म्हणून पाया पडायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

पुढच्या तारखेला कंपनीची बाजू होती. आप्पा सोंग करतात हे सांगायला त्यांनी साक्षीदार आणला. त्याचं नाव वाचलं आणि मी कागद डोळ्यांपुढे धरून हसू लपवलं. विलास, आप्पांचा सख्खा चुलतभाऊ.

कंपनीचे वकील हुशार होते, पण पुण्याचे होते. त्यांनी गावात चौकशी केली असणार, आप्पांवर सगळ्यात जास्त कोण चिडलंय? विलास, असं उत्तर आलं असणार. चिडलेला माणूस आपल्या बाजूनं बोलेल, हा त्यांचा हिशोब. तो कशावरून चिडलाय हे विचारायचं मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही.

विलासनं शपथेवर सांगितलं, "आप्पाला काय बी झालेलं न्हाई. जेवतोय, चालतोय, सत्कार घेतोय, घाटात मिरवतोय. सगळं नाटक हाय."

मी उलटतपासाला उठले. आमच्या धंद्यात एक नियम आहे, ज्याचं उत्तर माहीत नाही तो प्रश्न उलटतपासात विचारू नये. मला उत्तर माहीत होतं. अर्ध्या तालुक्याला माहीत होतं.

"विलासराव, तुमचे बैल फार नामी आहेत म्हणे."

विलासचा चेहरा उजळला. "खिलार हायती. घरचं."

कंपनीचे वकील उठले. "सर, बैलांचा इथे काय संबंध?"

न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, बैलांचा काय संबंध?"

"दोन प्रश्नांत लावते, सर. विलासराव, या वर्षी यात्रेत पहिला नंबर कुणाचा आला?"

विलासच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या.

"आमचाच व्हता."

"होता म्हणजे?"

"व्हता म्हंजी निशाण उशिरा टाकलं ह्यानं!" विलासनं पिंजऱ्याच्या कठड्यावर हात आपटला. "बैल रेघेच्या पार गेलं, पुढं जाऊन उभं ऱ्हायलं, तवा ह्याचं निशाण खाली आलं! साहेब, पोटच्या पोरावानी सांभाळलीत ती जनावरं!"

"साक्षीदार," कंपनीचे वकील म्हणाले, "जेवढं विचारलंय तेवढंच..."

"बोलू द्या त्यांना," न्यायाधीश म्हणाले. ते पुढे सरकून बसले होते. माझ्या अंदाजानं त्यांनाही शर्यतीचं कळत असावं.

"उशिरा का टाकलं?" मी विचारलं.

"बघतच नव्हता! आधी कसं, बैलाच्या नाकासंगं ह्याचं नाक फिरायचं. आता मान जागची हालत न्हाई. बारी आली की पाय उचलून अख्खा मानूस फिरतोय, दाराचं कवाड फिरावं तसा. त्याचं फिरून व्हईस्तोवर गाडा पार!"

"म्हणजे तुमच्यावर राग म्हणून मुद्दाम केलं?"

"मुद्दाम कसलं? सगळ्यांचंच केलं! एकाची बारी धड बघितली न्हाई. ज्याच्यात्याच्यासंगं भांडनं."

"आणि मागल्या यात्रेत?"

विलासचा आवाज खाली आला.

"मागल्या यात्रेत न्हाई. त्याच्या आधी बी न्हाई. मी लहान व्हतो तवापासनं आप्पाचं निशाण कवा चुकलं न्हाई, ते मी बी म्हनतो. ह्याच वर्षी काय झालं काय म्हाईत."

काय झालं ते कोर्टातल्या प्रत्येकाला कळलं होतं, एका विलासला सोडून. कंपनीचे वकील फाइलची दोरी बांधू लागले होते. मी "आणखी प्रश्न नाहीत" म्हणणार, एवढ्यात मागच्या बाकावरून आरोळी आली.

"खोटं हाय, साहेब! निशाण बराबर पडलं!"

माझे आप्पा. गळ्यात पट्टा, हातात टोपी, उभे.

"मॅडम, तुमच्या अशिलाला खाली बसवा," न्यायाधीश म्हणाले. "त्यांचं बरं चाललंय, बिघडवू नका म्हणावं."

"आप्पा, हिकडं बघून बोल की!" पिंजरा होता आप्पांच्या डाव्या हाताला. विलास तिथून ओरडला आणि आप्पांनी त्याच्याकडे बघायला आधी डावा पाय उचलला, मग उजवा, मग खांदे, असे करत करत ते वळले. अगदी कवाडासारखे. न्यायाधीशांनी ते पूर्ण होईपर्यंत पाहिलं आणि काही न बोलता कागदावर टिपून घेतलं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. मान कायमची अधू झाल्याचं कोर्टानं मान्य केलं, ड्रायव्हर ठेवण्यापुरती भरपाई मिळाली. निकालात एक वाक्य होतं. अर्जदार नाकारत असला, तरी निशाण उशिरा पडल्याचं कंपनीच्याच साक्षीदारावरून सिद्ध होतं.

आप्पा ऑफिसात आले ते पेढे न घेता. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत दाराकडे पाठ करून बसले.

"ताई, निकालात तसं लिवलंय?"

"लिहिलंय."

"मंग आपन हारलो म्हना की."

"आप्पा, गाडी राहिली तुमची!"

"गाडी ऱ्हायली," ते म्हणाले. मला त्यांचं वाईट वाटलं. मी इतकी खूश होते आणि हा माणूस केस हरल्यासारखा बसला होता.

तेवढ्यात दारात विलास. मी घाबरलेच.

"मॅडम, निकालाची नक्कल पायजे."

"तुम्हाला कशाला? तुमची कंपनी हरली."

"कंपनीचं मला काय करायचंय? निशाण उशिरा पडलं असं कोर्टानंच लिवलंय न्हवं? यात्रा कमिटीला दावतो."

आप्पांनी ऐकलं होतं. विलास त्यांच्या पाठीमागे दोन हातांच्या अंतरावर उभा. आता जुंपणार म्हणून मी टेबलावरचा काचेचा पेपरवेट हळूच ड्रॉवरमध्ये टाकला.

"इलास," आप्पा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "मागनं बोलू नगं. म्होरं यिऊन बस. मला वळता येत न्हाई."

जे माझ्या इतक्या विनवण्यांनी निघालं नाही, ते त्यांच्या तोंडून असं निघालं. विलास जागीच थबकला. मग कोपऱ्यातलं प्लास्टिकचं स्टूल उचलून, माझ्या टेबलाला वळसा घालून, माझ्या शेजारी आप्पांच्या बरोबर समोर येऊन बसला.

मग आप्पांनी विचारलं, "लई उशीर झाला व्हता का रं?"

विलासनं जरा विचार केला. "बैल थांबून शेन टाकून मोकळं झालं व्हतं, आप्पा."

आप्पा हसायला लागले. हसताना मान दुखते म्हणून दोन्ही हातांनी ती धरली आणि तरी हसत राहिले. विलासनं नक्कल काही मागितली नाही. पुढच्या यात्रेत आप्पांनी स्वतः माइकवर सांगितलं म्हणे, गेल्या साली पहिला नंबर विलासचा होता. मग निशाण दुसऱ्याच्या हातात दिलं आणि पट्टा घालून समोरच्या मांडवात खुर्ची टाकून बसले.

नव्या वकिलांना मी या केसवरून दोन गोष्टी सांगते. समोरच्याचा साक्षीदार रागात बोलायला लागला तर त्याला अडवू नका. आणि ऑफिसात एक जास्तीचं स्टूल ठेवा, टेबलाच्या आतल्या बाजूला.