आरोपीच्या पिंजऱ्यातली दुसरी बाई

भुताखेतांच्या गोष्टी मी कायम चिवड्यासारख्या ऐकत आले... चव घ्यायची आणि हात झटकायचे. नागपुरातल्या एका शाळेत मी इतिहास शिकवते. "माझा रोजचा व्यवहार मेलेल्यांशीच आहे, पण त्यातलं एकही अजून उठून बोललं नाही," असं मी स्टाफरूममध्ये ठसक्यात सांगायचे. आता सांगत नाही.

गेल्या डिसेंबरात आमची आठवी सिव्हिल लाइन्समधलं एक छोटं संग्रहालय बघायला गेली. नाव मुद्दाम देत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. इंग्रजांच्या काळातली गरिबी, दुष्काळ, कोर्ट, तुरुंग असा सगळा तो विषय. उंच छताची दगडी इमारत आणि खिडक्यांतून आत आलेलं दुपारचं लख्ख ऊन — भीती वाटावी असं तिथे काही नव्हतं. पोरांचं निम्मं लक्ष बेड्यांकडे आणि निम्मं डब्यांकडे होतं.

माझं लक्ष मात्र समीक्षाकडे होतं. तिचे वडील कळमेश्वरच्या एमआयडीसीत गाडी चालवायचे. तांब्याच्या तारेच्या चोरीत त्यांचं नाव आलं आणि दिवाळीआधीपासून ते तुरुंगात होते. अशा गोष्टी वर्गात कळायला कितीसा वेळ लागतो! तन्मय नावाच्या आमच्या एका रत्नाने तिला 'तारवाली' म्हणायला सुरुवात केली. त्याला मी चांगलं फैलावर घेतलं, पण पोर मिटली ती मिटलीच. तिची आई एकदा शाळेत येऊन माझ्यासमोर रडली.

"मॅडम, बापाले भेटाले येतच नाही हो हे पोरगी. तो दर भेटीले इचारते, समीक्षा आली का? मी काय सांगू त्याले?"

मी समीक्षाला जवळ बसवून विचारलं. "मले नाही जायचं," एवढंच तिचं उत्तर. त्यापुढे माझी मात्रा चालली नाही.

तर संग्रहालयात शेवटची खोली जुन्या कोर्टाची होती. वर मॅजिस्ट्रेटची खुर्ची आणि समोर भिंतीला टेकून आरोपीचा लाकडी पिंजरा. गाइड तरुण होता, हौशी होता. त्याने मुलांकडून खटला करून घ्यायचा म्हणून चिठ्ठ्या उचलायला लावल्या. मॅजिस्ट्रेट निघाला तन्मय. आरोपी — समीक्षा.

वर्ग खिदळला. चिठ्ठी बदलू या म्हणावं, तर तिचं दुःख सगळ्यांपुढे आणखीच उघडं पडणार... मी हा विचार करतेय तोवर ती पिंजऱ्यात जाऊन उभीही राहिली.

गाइडने आरोप वाचला. दुष्काळाचं साल, एक विणकर बाई, शेटजीने विणायला दिलेलं सूत तिने चोरून विकलं. आरोपीच्या कार्डावर एकच वाक्य होतं, 'मला भूक लागली होती.'

समीक्षाने कार्ड पाहिलंच नाही. मागून कोणी काही सांगत असावं तशी तिने मान जराशी तिरकी केली, आणि बोलायला लागली. आवाज तिचाच होता.

"मी चोरी नाही केली, साहेब. त्या दशा व्हत्या. लुगडं उतरलं का मागावर उरते ते विणणाऱ्याचं असते. माह्या सासूनं घेतल्या, तिच्या सासूनं घेतल्या, तवा कोणी चोर नाही म्हटलं. मी एकेक दोरा राख लावून सांधला न् त्याची गुंडी केली. शेटजीले त्याचं लुगडं मी पुरं देल्लं."

दशा हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकत होते.

मी विणकराच्या घरची. आता आमच्याकडे माग नाही, भाऊ बँकेत आणि मी शाळेत. पण लुगडं संपताना ताण्याचा, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांचा, शेवटचा थोडा भाग विणताच येत नाही, तो कापून काढावा लागतो. त्या दोऱ्यांना आमच्या घरी दशा म्हणत. सूत व्यापाऱ्याचं, पण दशा विणकराच्या... हे कुठे लिहिलेलं नसायचं आणि कोणी मोडायचंही नाही. आई बोटांना राख लावून ते तुकडे एकाला एक पिळायची आणि आम्हा भावंडांचे करदोडे करायची. हे आज आमच्या घरच्या पोरांनाही ठाऊक नाही. समीक्षाचे लोक काटोलकडचे, संत्र्याच्या बागांत राबणारे. तिने माग कधी डोळ्यांनीही पाहिलेला नाही.

तन्मयच्या कार्डावर शिक्षा लिहिलेली होती, सक्तमजुरी. तो कार्डाकडे बघत बसला.

"वाच ना रे," गाइड म्हणाला. "तेव्हा असंच व्हायचं."

"हिनं केलंच नाही सर, तं काहून शिक्षा देऊ? मी नाही वाचत." आणि तो खुर्चीवरून खाली उतरला. त्या क्षणी मला त्या कार्ट्याचा फार अभिमान वाटला.

बाहेर पडताना गाइड म्हणाला, "मॅडम, मस्त तयारी करून आणली तुम्ही!" मी म्हटलं, मला तर वाटलं तुम्हीच सांगितलं तिला. जुनी केस असेल ना ही? तो हसला. "कुठली जुनी? मीच घरी बसून लिहिली, मनानं. अशी कोणी बाई नव्हती."

बसमध्ये मी समीक्षाच्या शेजारी बसले.

"कोणं सांगतलं वं तुले हे सारं?"

"ते बाई नव्हती का मॅडम, माह्या मागं? हिरव्या लुगड्यातली. मले वाटलं इथलीच असन. मी भेली व्हती, तं ते सांगत गेली न् मी बोलत गेली."

पुढे एका रविवारी मी मुद्दाम एकटी जाऊन पाहून आले. पिंजरा भिंतीला इतका चिकटून आहे की मागे वही सरकवायलाही जागा नाही.

"आणखी काय म्हणाली ती?" बसमध्येच मी पुढे विचारलं होतं.

"जेलात तिनं पोराची लय वाट पाहिली म्हणे. तो आलाच नाही. त्याले लाज वाटे."

मी डोकं चालवून थकले. मोबाइलवर काही पाहिलं असेल, कोणाच्या आजीकडून ऐकलं असेल, वर्गात मीच कधी बोलून गेले असेन... एकही तर्क पुरा बसत नाही. कधी न जन्मलेली बाई कशी बोलते, हे मला कळलेलं नाही. की अशा बाया इतक्या होऊन गेल्या, की गाइडने मनाने लिहिलेली केसही कोणाची तरी खरीच निघाली? वाचकांपैकी कोणाला उलगडलं तर जरूर कळवा, मी हात टेकलेत.

पुढच्या आठवड्यात समीक्षाच्या आईचा फोन आला.

"मॅडम, आज आली हो ती माह्यासंग. जाळीपाशी उभी राहून तोंडावरच इचारलं तिनं त्याले, बाबा, तार तुम्हीच नेली व्हती का? तो खाली मान घालून म्हणे, हो, नेली. मले वाटलं, आता हे पोरगी पाठ फिरवते..."

"मग?"

"मंग म्हणते कशी, किती वाळले तुम्ही बाबा. जेवत जा."