गवतातला डोळा

"सर, तिथं नुसतं गवत हाय. उगं बटन दाबू नका," नामदेवमामा होडीचा बांबू चिखलात रोवत म्हणाले.

धरणाच्या फुगवट्यावर गेले चार हिवाळे हेच चाललंय. पक्षी शोधायचे मामांनी, फोटो काढायचे मी. हातभर लांब लेन्स माझी, पण नजर त्यांची. मी हौसेनं काही दाखवावं आणि ते ढेकूळ निघावं! मग मामा मिशीत हसणार.

पण आज लेन्समधून त्या वाळक्या गवतात मला एक काळाभोर थेंब दिसला होता, आणि तो मिटून पुन्हा उघडला होता.

पाणलावा! पाठीवर गवताच्याच पिवळट रेघा, चोचही काडीसारखी. सगळं अंग लपवलं गड्यानं, पण डोळा कुठे लपवणार? जग बघायचं तर थोडंसं दिसावंच लागतं. चारचौघांत कायम मागे उभा राहणारा मी, त्या डोळ्याकडे बघतच राहिलो.

"मामा, पाणलावाच आहे," मी ठासून म्हणालो आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

एक डोळा मिटून ते बराच वेळ बघत होते. मग पुटपुटले, "आयला! समोर बसलाय की!"

मी मनसोक्त फोटो काढले. पाणलावा हललासुद्धा नाही.

मामांनी बांबू उपसला. एरवी मला न विचारता होडी हाकणारे मामा आज थांबले.

"सर," ते म्हणाले, "आता कुठं न्यायची?"